सरकारी रुमाल आणि सांडोरचं बावखल

मेलेल्या कारकुनांचं अक्षर वाचून मी पोट भरते. वसईत एका सरकारी कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर माझं टेबल, टेबलावर एक भिंग आणि माझ्या मागे "मोडी वाचून मिळेल" अशी पाटी. भंगार घेणारे दोन-तीन जण ती पाटी वाचून चौकशी करून गेले आहेत. मी त्यांना चहा पाजला. बिचारे निदान वाचून तरी आले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्रज इथं राज्य करत होता तेव्हा त्याचा कारभार चालायचा मोडी लिपीत. साहेबाला ती वाचता येत नसे. कारकून बोरू शाईत बुडवायचा, आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचा आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत सुटायचा, दोरीवर बोंबील घालावेत तशी. शब्द कुठं संपला, वाक्य कुठं संपलं, याची फिकीर त्याला नव्हती. बोरू उचलायचा तो फक्त शाई संपली की. शेवटी खाली साहेब इंग्रजीत झोकदार सही ठोकायचा. आपण कशावर सही करतोय हे न कळता सही करण्याची प्रथा त्यानं सुरू केली आणि पुढच्यांनी ती मनापासून सांभाळली.

माझ्याकडे येणारी माणसं तीन तऱ्हेची. काहींना जमीन हवी असते, काहींना जातीचा दाखला हवा असतो आणि उरलेल्यांना पूर्वज हवे असतात. या तिसऱ्या जातीवर माझा विशेष जीव आहे.

एकदा नव्या इमारतीतले एक गृहस्थ लॅमिनेट केलेला कागद घेऊन आले. मूळ गाव इथलंच, खाडीकडचं. म्हणाले, "आमचे पणजोबा सरदार होते. सोसायटीच्या हॉलला त्यांचं नाव द्यायचंय. हा त्यांचा मानाचा कागद." मी भिंग लावलं. पणजोबांनी सरकारी कुरणात म्हैस सोडली होती, त्याबद्दल दंडाची नोटीस होती ती. मी शक्य तितक्या आदरानं वाचून दाखवली. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही तपासली.

"सरदारकीचं काहीच नाही?"

"म्हशीचं वर्णन आहे. चांदवी होती. कपाळावर पांढरा ठिपका."

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगणार नाही ना?"

नाही म्हटलं, आणि आज दिवाळी अंकात सांगते आहे. पण त्यांचं काही बिघडणार नाही. तो कागद त्यांनी सोनेरी चौकटीत लावला आहे. पाहुण्यांना मोडी येत नाही.

अर्नाळ्याच्या एक कोळीणबाई आल्या होत्या, त्यांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मासळी सुकवायची त्यांची किनाऱ्यावरची जागा. तिची जुनी नोंद मी शोधून वाचली. तिथं एकच शब्द होता, पडीक. बाई उसळल्या. "कोन म्हनतो पडीक? माझी सासू जलमभर थय उन्हात बसली. त्याला दिसली नाय?" आता त्यांना काय सांगणार? इंग्रजाच्या कारकुनाला ज्या जमिनीतून सारा मिळायचा तेवढीच दिसायची. बाकी सगळं पडीक, नाहीतर पोटखराब. म्हणजे शेताच्या पोटातला असा तुकडा, ज्यात पीक येत नाही आणि म्हणून ज्यावर कर नाही. ओढा पोटखराब. विहीर पोटखराब. ज्याच्यामुळे पीक येतं ते सगळं खराब.

हा शब्द लक्षात असू द्या, कारण त्याच्यावरूनच फिलूमावशीचं पाणी जायची वेळ आली होती.

फिलोमिना तिचं नाव, पण सगळे फिलूमावशी म्हणतात. सांडोरची. लाल लुगडं, कानात जड सोनं, आवाज असा की चर्चची घंटा चुकून वाजली नाही तरी चालेल. पानवेलींची वाडी, थोडा मोगरा, केळी. एक दिवस तिनं माझ्या टेबलावर केळ्यांचा अख्खा फणा आदळला आणि म्हणाली, "तू ती मोडीवाली बाय ना? मला माझं बावखल शोधून दे."

"बावखल हरवलं?"

"हरवलं नाय गो. चाललंय. रोज दोन डंपरनं चाललंय."

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं मोठं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि आसपासच्या विहिरी वर्षभर गोड राहतात. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. बावखल भरलं की खारं पाणी आत सरकतं, विहीर मचूळ होते, आणि पानवेल मचूळ पाणी अजिबात खपवून घेत नाही. माणसासारखी कुरकुरत वर्षानुवर्षं जगत नाही ती, सरळ मरते.

मावशीच्या दिरानं आपल्या वाट्याची पट्टी एका बिल्डरला विकली आणि तो परदेशात मुलाकडे निघून गेला. बिल्डर म्हणू लागला की बावखल माझ्या पट्टीत येतं. शिवाय ते बावखल नव्हेच, कुणीतरी माती काढून केलेला खड्डा आहे. त्यानं भराव टाकायला सुरुवात केली. मावशी आणि आळीतल्या बाकीच्या घरांनी अर्ज केला. सुनावणीत साहेब म्हणाले की बावखल जुनं आणि सामाईक असेल तर इंग्रजी मोजणीच्या टिपणात दिसेल, ते आणा. टिपण म्हणजे साखळी टाकून मोजलेल्या शेताचा हातानं काढलेला नकाशा. तोवर भराव थांबवायचा हुकूम? तो टिपण पाहिल्यावर.

"म्हंजे टिपन गावेपर्यंत तो भरनार?" मावशीनं मला विचारलं.

"हो."

"आणि भरून झाल्यावर तू कागद आणनार."

मी केळी टेबलाखाली ठेवली आणि शोधाचा अर्ज लिहायला घेतला.

आता आपण त्या पवित्र खोलीत जाऊ. रेकॉर्ड रूम! कुठल्या कचेरीतली ते सांगणार नाही, मला तिथं परत जायचं असतं. लाकडी घोडे, म्हणजे उंच मांडण्या, त्यांवर रुमाल. रुमाल म्हणजे तुमच्या खिशातला नव्हे. चौरस जाड कापड, त्यात एकेका गावाचे कागद ठेवायचे आणि चारी टोकांची गाठ मारायची. मोटेसारखा दिसतो. कुठल्या गावाचा रुमाल हे त्या गाठीखालच्या कापडावरच काळ्या शाईनं लिहिलेलं असतं. कधीकाळी एखाद्या कारकुनाला वाटलं असणार, कापडावर लिहिलं की कायमचं झालं. त्यानं पुढच्या कारकुनांची कल्पना केली नव्हती.

दार उघडलं आणि मी दारातच उभी राहिले. खोली लखलखत होती. सगळे रुमाल पांढरेशुभ्र! कडक इस्त्रीचे! त्यातून निळीचा वास येत होता.

पिंपळे भाऊसाहेब हे तिथले रेकॉर्डकीपर. देशावरून बदलून आलेले, स्वच्छतेचे भोक्ते, पाण्याचा ग्लासही दोनदा विसळून पिणारे. कौतुक ऐकायला हात मागे बांधून उभे.

"कसं वाटतंय, मॅडम?"

"भाऊसाहेब, हे काय केलंत?"

"मोठे साहेब व्हिजिटला येणार होते. किती कळकट झाले होते हो! इंग्रजांपासून कुणी धुतलेच नव्हते. सगळे सोडले आणि लाँड्रीत दिले."

"त्यांच्यावर गावांची नावं होती."

"होती ना! त्या शाईचे डाग निघता निघेनात. लाँड्रीवाल्याला खास सांगून काढायला लावले."

मी खुर्ची शोधून बसले. "आणि आतले कागद?"

"सगळे परत बांधले! एकसुद्धा हरवला नाही. आणि बघा, उंचीप्रमाणे लावलेत. छोटे पुढं, मोठे मागं. साहेब म्हणाले, व्हेरी नाइस. फोटोपण काढला."

तो फोटो त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. शाळेच्या कवायतीत मुलं उभी करावीत तसा अख्खा तालुका उंचीप्रमाणे उभा होता, आणि एकाच्याही छातीवर नाव नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आतल्या कागदावर गावाचं नाव नसतं का? फक्त पहिल्या पानावर असतं. आणि पहिलं पान सगळ्यांत वर असल्यामुळे कसरीनं सगळ्यांत आधी खाल्लेलं असतं. खालच्या टिपणांवर नुसता शेताचा नंबर. आणि नंबर काय, प्रत्येक गावात एकपासूनच सुरू होतात. मावशीच्या शेताच्या नंबराचं टिपण प्रत्येक रुमालात एकेक असणार. त्यांतलं सांडोरचं कुठलं?

"हे तुम्हाला सापडणार कसं, भाऊसाहेब?"

"म्हणूनच मी लिहून देतो ना, कागद मिळून येत नाही म्हणून. लगेच देतो. टाइप करून ठेवलंय."

खरंच टाइप करून ठेवलं होतं. गावाच्या नावापुढे रिकामी जागा ठेवून.

मी ते पत्र घेतलं नाही. मी म्हटलं, मी रुमाल उघडून बघणार, तुमच्यासमोर, एकेक. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. "इस्त्री मोडेल, मॅडम." शेवटी मी प्रत्येक रुमाल पुन्हा होता तसाच बांधून देईन, कोपरे जुळवून, असं वचन दिलं तेव्हा त्यांनी पहिल्या गाठीला हात लावू दिला.

पुढचे कित्येक दिवस मी त्या खोलीत होते. बाहेर डंपर चालू होते. मावशी रोज फोन करायची. "कुठवर आलीस?" मी विचारायची, "भराव कुठवर आला?" ती म्हणायची, "पायरीपाशी." मग, "पंपाच्या पायपापाशी." मग एक दिवस म्हणाली, "विहीर मचूळ लागते गो," आणि नेहमीसारखी ओरडून बोलली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

यातला आनंदाचा भाग सांगू? कारकून. ते घाटावरून आलेले आणि इथल्या ख्रिस्ती खातेदारांची नावं ऐकून बेजार झालेले. एकानं फ्रान्सिसचा "फरशीस" केला होता, दुसऱ्यानं "फडणीस". एकानं कंटाळून एका घरातल्या पाच भावांना "आंतोन, दुसरा आंतोन, बारका आंतोन, आंतोन व आंतोन" असं लिहून टाकलं होतं आणि खाली साहेबाची झोकदार सही. मी मोठ्यानं हसले की पिंपळे भाऊसाहेब विचारायचे, "काय सापडलं?" मी वाचून दाखवायची. तेही हसू लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते स्वतःच रुमाल काढून द्यायला लागले, इस्त्रीची काळजी न करता. माणूस वाईट नव्हता. त्याला त्या कापडाच्या आत काय आहे हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

गाव ओळखायचं कसं, हे मात्र मी माझ्या आळीत शिकले. एखादं घर स्वतःबद्दल काही बोलत नसेल तर शेजाऱ्यांना विचारावं. गावाच्या शिवेवरच्या शेतांच्या टिपणात पलीकडच्या गावाचं नाव लिहिलेलं असतं, पलीकडे अमुक मौजे म्हणून. तेव्हा मी प्रत्येक रुमालातली शिवेवरची टिपणं तेवढी काढली आणि शेजारी कोण कोण ते पाहत गेले. मग एका रुमालात चारी दिशांना नेमके सांडोरचेच शेजारी निघाले. मी आणि भाऊसाहेब दोघंही श्वास रोखून पानं उलटत गेलो. मावशीचा नंबर आला. पिवळा पडलेला कागद, काळ्या रेघांत शेत, आणि शेताच्या मधोमध काढलेला एक लांबट गोल. गोलात लिहिलं होतं, बावखल. खाली, पोटखराब. त्याखाली, समाईक वहिवाट.

भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी टेबलावर तबला वाजवला. खरी नक्कल असा शिक्का त्या दिवशी त्यांनी इतक्या जोरात मारला की दौत उडाली.

सुनावणीला बिल्डर स्वतः आला नाही. त्याचे वकील आले आणि सोबत मॅनेजर, गॉगल डोक्यावर चढवलेला. वकिलांनी टिपण पाहिलं आणि जराही न डगमगता म्हणाले, "साहेब, इथं स्पष्ट लिहिलंय. पोटखराब. म्हणजे निरुपयोगी. माझे अशील निरुपयोगी जागेचा उपयोग करत आहेत. त्यांचं कौतुक व्हायला हवं."

मी उभी राहिले. मला बोलायचा अधिकार नव्हता, मी फक्त वाचायला आले होते. म्हणून मी वाचलं. पोटखराब म्हणजे ज्यावर सारा नाही, एवढंच, हे समजावून मग "समाईक वहिवाट" हे दोन शब्द इतके सावकाश आणि इतक्या सुरात वाचले की शिपाई चहा धरून थांबला.

"आणि भरावाचं काय?" साहेबांनी वकिलांना विचारलं.

वकिलांनी लेखी म्हणणं दिलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या अशिलांनी सदर ठिकाणी कोणताही भराव केलेला नाही, तिथं जे काही साहित्य आहे त्याच्याशी अशिलांचा काडीमात्र संबंध नाही. खाली मॅनेजरची सही.

मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "मग डंपर काय चर्चमधल्या सायबिणीनं पाठवले?"

निकाल पंधरवड्यानं आला. मावशी आणि आळीतली माणसं माझ्या टेबलाभोवती जमली. मी वाचला. बावखल जुनं आहे, सामाईक आहे, हे मान्य. बिल्डरनं त्यावर बांधकाम करू नये. टाळ्या वाजल्या. मी हात वर करून थांबवल्या, कारण पुढं होतं. भराव कोणी केला हे निष्पन्न होत नाही. आणि अर्जदारांना बावखल पूर्ववत करावयाचे झाल्यास त्यांनी माती उत्खननाची रीतसर परवानगी घ्यावी आणि त्याचं शुल्क भरावं.

"म्हंजे?" मावशी.

"म्हणजे बुजवायला परवानगी लागली नाही. उकरायला लागेल."

 मी त्या हुकमाकडे पाहत बसले होते. साहेब गेला, भाषा बदलली, लिपी बदलली, पण त्या वाक्याची चाल मला नीट ओळखू आली. एवढी वर्षं मी तीच वाचते आहे.

मावशीनं मग विचारलं, "तो त्या दिवशी काय लिहून दिलान? भराव त्याचा नाय?"

"काडीमात्र संबंध नाही."

"आणि आमचा?"

"तुमचा कसा असेल?"

"म्हंजे कोनाचाच नाय." तिनं पदर खोचला. "बेवारस."

रविवारी मिस्सा संपला आणि अख्खी आळी चर्चचे कपडे बदलून बावखलावर आली. फावडी, घमेली, भाजीचे टेम्पो, कुणाच्या तरी भाच्याचा जेसीबी. मीही गेले होते, वकिलांच्या त्या लेखी म्हणण्याची नक्कल पिशवीत घेऊन. कुणी खणलं नाही, हे मी शपथेवर सांगते. जमिनीला कुणी हात लावला नाही. फक्त वरचं बेवारस साहित्य उचललं: विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गठ्ठे, एक गुलाबी कमोड. आणि ते सगळं माणुसकीला धरून अशा ठिकाणी नेऊन ठेवलं जिथं त्याच्या नातेवाइकांना ते सहज दिसेल. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटच्या फाटकासमोर. गुलाबी कमोड मावशीनं स्वतः जागा बघून ठेवायला लावला, "स्वप्नातलं घर" या फलकाच्या बरोबर खाली.

रविवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस. फ्लॅट बघायला आलेली जोडपी गाड्यांतूनच परत फिरू लागली. मॅनेजर धावत आला, मागोमाग हवालदार.

"हे काय टाकलंय? उचला आधी!"

मावशी म्हणाली, "का? तुमचं हाय?"

"आमचं कशाला असेल?"

"आमचंपन नाय. आमच्या बावखलात गावलं. आम्ही मालकाला शोधतो."

हवालदार शहाणा होता. त्यानं वही काढली आणि मॅनेजरला विचारलं, "तक्रार लिहून देताय का? मालाचा मालक कोण लिहू?"

मॅनेजरनं गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. तेवढ्यात मला माझं कर्तव्य आठवलं. मी नक्कल उघडली आणि त्याचं लेखी म्हणणं, त्याच सुनावणीच्या सुरात, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत वाचलं. जोडप्यांपैकी काहींनी मोबाइल वर धरले. मॅनेजर फोन कानाला लावून कोपऱ्यात गेला, तिथून मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं, सगळं पलीकडचं. तक्रार कुणी दिली नाही.

सोमवारी सकाळी डंपर आले. तेच डंपर, तेच ड्रायव्हर. फाटकासमोरचं सगळं मुकाट्यानं भरून घेऊन गेले. मावशीनं त्यांना चहा दिला.

आठवड्याभरानं तलाठी आले. उत्खनन झालंय अशी निनावी तक्रार होती, पाहणी करून पंचनामा करायचा होता. तरुण माणूस, नवीन शर्ट, हातात पॅड. बावखलाच्या कडेला उभा राहून विचारू लागला, "खणलंय का इथं?" खाली तळाशी पाणी पाझरून आलं होतं, गुडघाभर असेल. पलीकडे मावशीच्या निम्म्या पानवेली वाळून काठ्यांना लोंबत होत्या. त्या परत येणार नाहीत, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

"मावशी, काय लिहू मी? पाणी आहे, की साचलेलं डबकं आहे, की..."

मावशी पायऱ्या उतरून खाली गेली. ओंजळीनं तांब्यात पाणी घेतलं, स्वतः घोटभर प्यायली, तोंड वाकडं केलं. मग वर येऊन तांब्या त्याच्यापुढे धरला.

"आधी चाख. मग लिव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही वाचायचं शिल्लक नाही अशा अर्थी मान हलवली. मग त्यानं पॅड काखेत धरलं, तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि चाखलं.

"अजून थोडं मचूळ आहे," तो म्हणाला.

"हां," मावशी म्हणाली. "तसंच लिव."